तो पंचावन्नचा लांडगा कुठे गेला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या शनिवारच्या बालपुरवणीत गेले चार महिने जी जादूची मालिका चालू आहे, गुराखी मुलाची, तिच्याबद्दल हे पत्र आहे. पत्र लांबलंय याची मला कल्पना आहे, जागा नसेल तर छापताना काटछाट करा, पण लेखकांपर्यंत मात्र सगळं पोचवा ही मनापासून विनंती.

मी कराडला राहते आणि आमच्या पेठेतल्या वाचनालयात दर रविवारी सकाळी मुलांचा गोष्टीचा तास घेते. पाचवी ते आठवीची पंधरा-वीस पोरं येतात. तुमची पुरवणी आम्ही तिथेच मोठ्यानं वाचतो, एकाने वाचायची बाकीच्यांनी ऐकायची. मालिकेचा पहिला भाग वाचला तो रविवार मला अजून जसाच्या तसा आठवतो. गुराख्याचं वासरू हरवलेलं असतं, रात्र पडलेली असते, आणि करवंदाच्या जाळीमागून लांडगा बाहेर येतो. कोपऱ्यात छोटी चौकट होती, मुलगा – शक्ती ४०, लांडगा – शक्ती ५५. मुलाकडे एक काठी आणि भाकरी बांधून आणलेला पत्र्याचा डबा, बस्स. तो डबा बडवत बडवत वासराच्या आणि लांडग्याच्या मध्ये जाऊन उभा राहतो, हात थरथरत असतात, डब्याचं झाकण उडून जातं, तरी बडवतोच. लांडगा मरत नाही, पळतही नाही, तो हळूहळू मागे सरकतो आणि जाळीत शिरताना एकदा वळून बघतो. तिथे भाग संपला.

वाचनालयात एवढी शांतता मी क्वचितच बघितलीये. मग सहावीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, पंचावन्नातून चाळीस गेले की पंधरा उरतात, मग ते पंधरा त्याने कुठून आणले?"

त्या एका प्रश्नावर आम्ही पाऊण तास बोललो. कोणी म्हणालं डब्याचे दहा आणि काठीचे पाच. कोणी म्हणालं वासराचे. एक जण म्हणाला लांडग्याला भूकच नसेल, पोट भरलेलं असेल, म्हणून त्याचे पंचावन्न पूर्ण लागलेच नाहीत. मला त्या चौकटीचं इतकं कौतुक वाटलं त्या दिवशी, कारण मुलं गोष्टीतलं गणित करत होती आणि ते गणित सुटत नव्हतं, आणि जे सुटत नव्हतं त्यातच सगळी गोष्ट होती.

आता पुढचं सांगते. सातव्या-आठव्या भागात चेटकीण आली ती ९०० ची. मग गुहेतला राक्षस १२,००० चा. मग मुलाला मणी सापडला आणि तो एका रात्रीत तीन लाखांवर गेला. गेल्या शनिवारी मुलगा सत्तर लाखांवर होता आणि समोरचा काळसम्राट चार कोटींचा. आणि आमच्या वाचनालयात काय होतं, तर पोरं पुरवणी उघडली की आधी चौकट बघतात, "हॅ, चार कोटी, म्हणजे ह्याला पुढच्या भागात पाच मिळणार", असं म्हणतात आणि पान उलटून कोडं सोडवायला लागतात. मोठ्यानं वाचायला कोणी हात वर करत नाही. प्रश्न तर कोणी विचारतच नाही. विचारायला काही उरलेलंच नाहीये.

मला इथे स्पष्ट सांगायचंय की मला जादूच्या गोष्टींचा, कार्टूनचा, गेमचा राग नाही. मी स्वतः त्यावरच वाढलेय. शाळेत असताना शेजारच्या काकूंच्या घरी कार्टून नेटवर्कवर ड्रॅगन बॉल झी हे जपानी कार्टून लागायचं आणि मी आणि माझा भाऊ जमिनीवर मांडी घालून टीव्हीच्या इतके जवळ बसायचो की काकू ओरडायच्या. हे पॉवर लेव्हलचं, म्हणजे पात्राची ताकद आकड्यात सांगायचं, जे सगळं खूळ जगभर पसरलंय त्याचा एक मोठा झरा तिथलाच आहे, आणि म्हणूनच मला वाटतं की तिथे नेमकं काय झालं होतं ते नीट बघायला पाहिजे, कारण नक्कल करणाऱ्यांनी त्यातला आकडा उचलला आणि बाकीचं तिथेच सोडलं.

अकिरा तोरियामांची ड्रॅगन बॉल ही मूळ चित्रमालिका जपानमध्ये १९८४ ते १९९५ चालली, साप्ताहिकातून, एकूण ५१९ प्रकरणं. सुरुवातीची कित्येक वर्षं त्यात पॉवर लेव्हल नावाचा प्रकारच नव्हता. नायक गोकू आणि त्याचा मित्र क्रिलिन दोघं लहान, म्हाताऱ्या गुरूकडे शिकायला राहिलेले, आणि गुरू त्यांना काय करायला लावतो तर पहाटे उठून घरोघरी दूध पोचवायचं, हातांनी शेत उकरायचं, आणि हे सगळं पाठीवर वीस किलोचं कासवाचं कवच बांधून. ते कवच उतरवल्यावर दोघं उडी मारतात आणि ती उडी बघून आपल्याला कळतं की पोरं किती तयार झाली. आकडा लागत नाही. घाम दिसलेला असतो ना.

मग पृथ्वीवर रॅडिट्झ नावाचा व्हिलन येतो, अंतराळातून, डोळ्यावर ताकद मोजायचं ते हिरवं काचेचं यंत्र लावून, स्काउटर. त्याला पहिला माणूस भेटतो तो शेतकरी, हातात बंदूक घेतलेला घाबरलेला माणूस, आणि स्काउटर सांगतो, पाच. रॅडिट्झ त्याला कचरा समजतो. इथे नीट बघा, मोजायचं यंत्र कोणाच्या डोळ्यावर आहे? व्हिलनच्या. माणसाकडे बघून आधी त्याचा आकडा वाचायचा ही सवय त्या गोष्टीत दुष्टांची आहे. पुढे गोकू आणि त्याचा जुना शत्रू पिकोलो मिळून लढतात, अंगावरचे जड कपडे उतरवतात तसा आकडा वाढतो, गोकूचा ३३४ चा ४१६ होतो, कामेहामेहा हा ऊर्जेचा झोत सोडताना ९२४ पर्यंत जातो, आणि रॅडिट्झ चक्रावतो, कारण त्याच्या समजुतीत माणसाचा आकडा ठरलेला असतो, तो असा क्षणात वरखाली होतच नाही. मग गोकूचा चार वर्षांचा मुलगा, जो एवढा वेळ नुसता रडत होता, तो बापाला मारताहेत बघून चवताळून धावून येतो आणि स्काउटर दाखवतो १३०७. रॅडिट्झला वाटतं यंत्र बिघडलं. आणि एवढं सगळं होऊनही शेवटी तो मरतो कसा, तर गोकू त्याला मागून घट्ट धरून ठेवतो आणि पिकोलोला सांगतो सोड, दोघांतून आरपार जाऊ दे. त्या धरून ठेवण्याला काही आकडा नव्हता.

म्हणजे बघा, हा आकडा चुकण्यासाठीच आणलेला होता. ज्याचा आकड्यावर विश्वास तो हरतो, ही त्यातली गंमत. नंतर गोकूची मंडळी आपली शक्ती लपवायला शिकतात, ऊर्जा डोळे मिटून ओळखायला शिकतात, आणि फ्रीझा नावाच्या आणखी मोठ्या व्हिलनच्या माणसांना त्यांचे आकडे कमी दिसतात आणि ते गाफील राहतात. तोपर्यंत मजा होती.

पण त्याच गोष्टीत दुसरा रोगही सुरू झाला आणि तोही मी बघितला. रॅडिट्झनंतरचा व्हिलन व्हेजिटा आला तो अठरा हजारांचा. गोकूचा आकडा आठ हजारांच्या वर गेला तेव्हा व्हेजिटाने स्काउटर हातात चुरगाळला, इंग्रजी डबिंगमध्ये त्याचेच नऊ हजार झाले आणि तेच वाक्य जगभर गाजलं, पोरं अजून टी-शर्टवर घालतात. मग फ्रीझा स्वतःच सांगतो की मी पाच लाख तीस हजारांचा आहे, आणि हे त्याचं पहिलंच रूप, पुढची रूपं बाकीच आहेत. नंतर निघालेल्या माहितीपुस्तकात तर फ्रीझा बारा कोटी आणि सुपर सायान हे रूप घेतलेला गोकू पंधरा कोटी असे आकडे दिलेत. मूळ गोष्टीत मात्र तोरियामांनी तोवर मोजायचं जवळपास सोडूनच दिलं होतं, स्काउटर पुढे हळूहळू नाहीसेच झाले. मला वाटतं त्यांना कळलं असावं.

आणि ह्या सगळ्यात क्रिलिनचं काय झालं? ज्याच्याबरोबर गोकूने दूध टाकलं, ज्याच्याशी स्पर्धेत बरोबरीने लढला, तो क्रिलिन रॅडिट्झच्या वेळी २०६ वर होता आणि तिथून पुढे वाढूनही तो बिचारा कोणाच्या खिजगणतीतच राहिला नाही. माझ्या भावाला क्रिलिन आवडायचा. तो प्रत्येक भागात त्याची वाट बघायचा, आणि क्रिलिन यायचा, धैर्याने पुढे व्हायचा, आणि एका फटक्यात बाजूला पडायचा. भाऊ शेवटी शेवटी बघायचा बंद झाला. मोठ्या आकड्याने व्हिलन मरतो तो मरतोच, पण त्याच फटक्यात आपले सगळे जुने सवंगडीही गोष्टीतून उठतात, हे मला तेव्हा शब्दात सांगता आलं नसतं पण पोटात कळलं होतं.

आता मुळात हे स्टॅट्स, लेव्हल, हिट पॉइंट, म्हणजे पात्राच्या ताकदीचे, पायरीचे, जिवाचे आकडे, आले कुठून, तर टेबलावर बसून खेळायच्या गेममधून. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स काढला. त्यात आपलं पात्र तयार करायचं तर तीन फासे टाकायचे, बेरीज येईल ती तुमची ताकद, परत टाकायचे, ती तुमची बुद्धी. तीन फाशांची बेरीज कितीही जोर लावला तरी तीनच्या खाली आणि अठराच्या वर जात नाही. म्हणजे त्या आकड्याला तळ होता आणि छत होतं. आणि आकडा चांगला असला तरी ऐन वेळी फासा उलटा पडू शकतो, अठराची ताकद असलेला गडी दगडावर पाय घसरून पडू शकतो, म्हणून टेबलाभोवतीची सगळी माणसं श्वास रोखून बघतात. गोष्ट लिहिताना हा फासा नसतो. लेखकाने चार कोटी लिहिले की चार कोटी. त्याला अडवायला कोणीच नाही, आणि ज्याला नोटा छापायला कोणी अडवत नाही तो छापतच सुटतो.

नोटांचं उदाहरण मी उगाच देत नाहीये. झिम्बाब्वेने जानेवारी २००९ मध्ये शंभर ट्रिलियन डॉलरची नोट काढली होती, एकावर चौदा शून्यं, आणि पुढच्याच महिन्यात सरकारने चलनातली बारा शून्यं एका फटक्यात उडवली. अगदी हेच वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट ह्या प्रसिद्ध ऑनलाइन गेममध्ये झालं. २००४ ला तो गेम आला तेव्हा सर्वात वरची लेव्हल ६० होती. दर दोन वर्षांनी नवा भाग, नवा भाग घ्यावासा वाटला पाहिजे म्हणून आधीपेक्षा मोठी तलवार, मोठ्या तलवारीला पुरेल एवढा मोठा राक्षस, असं करत करत आकडे इतके फुगले की २०१४ मध्ये कंपनीला सगळ्या तलवारींचे आणि राक्षसांचे आकडे दाबून लहान करावे लागले. खेळाडू त्याला स्क्विश म्हणतात, म्हणजे चिरडणं. आणि एकदा करून भागलं का? नाही. २०१८ ला परत. मग २०२० ला लेव्हलच चिरडल्या, जे खेळाडू १२० वर होते ते ५० वर आले, आणि नवी कमाल मर्यादा किती ठेवली तर ६०, जिथून सोळा वर्षांपूर्वी सुरुवात झाली होती. संगणकाला तर आणखी एक अडचण असते, तो आकडा ठरावीक मापाच्या खात्यात ठेवतो, आणि उणे आकडेही ठेवणाऱ्या नेहमीच्या बत्तीस बिटच्या खात्यात २,१४,७४,८३,६४७ च्या वरचा आकडा मावतच नाही. संगणकाचं खातं भरून वाहतं तेव्हा आकडा बहुतेक वेळा एकदम उणे होतो, निदान गडबड दिसते तरी. वाचकाचं मन भरतं तेव्हा काहीच दिसत नाही, तो मुकाट्याने पान उलटतो, जसं आमच्या पोरांनी उलटलं.

मला हेही माहितीये की लेखक हे हौसेने करत नाहीत. दर आठवड्याला, किंवा मोबाईलवरच्या गोष्टींत तर दररोज, नवा भाग द्यायचा असतो. चीनमध्ये इंटरनेटवरच्या कादंबऱ्यांना वाचक दर हजार अक्षरांमागे पैसे मोजतो, त्यामुळे कादंबरी जेवढी लांबेल तेवढी बरी. तिथल्या साधनेच्या कथांमध्ये नायक श्वास साठवण्यापासून सुरू करतो, मग पाया घालणं, मग पोटात सोनेरी गोळा तयार होणं, अशा पायऱ्या, प्रत्येक पायरीला बऱ्याचदा नऊ-नऊ उपपायऱ्या. आणि नायक सगळ्यात वर पोचला की काय करायचं? तर आकाश फाटतं आणि वर दुसरंच जग निघतं, आणि त्या जगात आपला नायक परत मुंगी. तिथले हमाल, द्वारपालसुद्धा खालच्या सम्राटापेक्षा भारी. मग ज्या सम्राटाला मारायला आठशे प्रकरणं गेली, तो वरच्या जगातल्या हमालाच्याही पासंगाला पुरत नाही म्हटल्यावर त्या आठशे प्रकरणांचं काय करायचं हो वाचकाने? त्याने ती रात्र रात्र जागून वाचलेली असतात. माझा एक विद्यार्थी, आता कॉलेजला आहे, दीड वर्ष अशीच एक कादंबरी वाचत होता, तो मला म्हणाला, "ताई, मला फसवल्यासारखं झालं." त्याचे डोळे खरंच भरून आले होते. ही मुलं मन लावून वाचतात, त्यांना गृहीत धरू नये असं मला फार वाटतं.

आमच्याच तासाला येणाऱ्या सातवीतल्या एका मुलाने शंभरपानी वहीत स्वतःची गोष्ट लिहायला घेतलीये. अक्षर सुंदर. प्रत्येक पानाच्या डाव्या बाजूला त्याने पट्टीने रेघ मारून रकाना केलाय, ताकद, वेग, जादू, जीव. पहिल्या पानावर नायकाची ताकद १२. नवव्या पानावर ९९९. चौदाव्या पानावर आकडा रकान्यात मावेना म्हणून त्याने रेघ खोडून उजवीकडे सरकवलीये, आणि विसाव्या पानावर अर्धं पान आकडाच आहे, गोष्ट दोन ओळी. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, परार्धाच्या पुढे काय असतं?" परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं, भास्कराचार्यांच्या लीलावतीत संख्यांची जी नावं दिलीत त्यातलं शेवटचं. त्याने कुठूनतरी पाठ केलेलं. मी विचारलं कशाला हवंय, तर म्हणाला, "व्हिलन परार्धाचा झालाय, आता हिरोला किती देऊ?" त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, काळजी होती. पोरगं अडकलं होतं. मी त्याच्याबरोबर वही मागे मागे चाळत गेले आणि तिसऱ्या पानावर एक वाक्य सापडलं, "त्याला विहिरीत वाकून बघायची भीती वाटायची." एवढंच. पुढे त्या विहिरीचा उल्लेखच नाही. मी म्हटलं, व्हिलनला त्या विहिरीत लपव.

आपल्याकडे आकड्यांचं वावडं कधीच नव्हतं हो. महाभारतात तर आकडेच आकडे आहेत. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तेवढेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ, आणि अशा अठरा अक्षौहिणी, कौरवांच्या अकरा आणि पांडवांच्या सात. (एक गंमत, ह्यातल्या प्रत्येक संख्येतल्या अंकांची बेरीज अठराच येते, मुलांना करून बघायला सांगा, फार खूश होतात.) पण हा आकडा पुढे कुठे जातो ते बघा. तो उतरतो. रोज संध्याकाळी उतरतो. अठराव्या दिवसानंतरच्या त्या रात्रीनंतर लढलेल्यांपैकी पांडवांकडचे पाच भाऊ, कृष्ण आणि सात्यकी, आणि पलीकडे अश्वत्थामा, कृप, कृतवर्मा, एवढेच उरतात. दहा. एवढ्या प्रचंड आकड्याचा उपयोग व्यासांनी शेवटच्या त्या दहासाठी केलाय.

आणि पॉवर लेव्हलच म्हणाल तर तीही आहे. उद्योगपर्वात दुर्योधन भीष्मांना विचारतो की आपल्याकडचे कोण किती ताकदीचे, आणि भीष्म एकेकाचं नाव घेऊन सांगत जातात, हा रथी, हा अतिरथी, हा महारथी. आणि कर्णाचं नाव आलं की म्हणतात, हा अर्धरथी. कवचकुंडलं गेलेली, परशुरामांचा शाप, वर बढाईखोर, म्हणून अर्धा. भर सभेत! कर्ण चिडतो आणि शपथ घेतो की भीष्म पडेपर्यंत मी शस्त्र धरणार नाही, आणि दहा दिवस कौरवांचा एवढा मोठा योद्धा बाजूला बसून राहतो. एक 'अर्धा' शब्द आणि युद्धाचा नकाशा बदलला. तो आकडा खरा होता का, हे आजही लोक भांडून सांगतात. आकडा असावा तर असा, कोणाच्या तरी तोंडून आलेला, कोणाला तरी लागलेला.

भीमाचंही तसंच. दुर्योधनाने विष घालून त्याला नदीत टाकलं तेव्हा नागलोकात तो रस प्यायला आणि दहा हजार हत्तींचं बळ घेऊन वर आला. बसला ना आकडा डोक्यात? आता तोच भीम वनवासात द्रौपदीसाठी सौगंधिक फुलं आणायला निघतो, वाटेत एक म्हातारं वानर आडवं पडलेलं, म्हणतं मला उठवत नाही बाबा, माझं शेपूट बाजूला कर आणि जा. दहा हजार हत्ती लागले आणि शेपूट तसूभर हललं नाही. मारुतीरायाचं बळ किती ते त्या प्रसंगात आकड्याने सांगावं लागत नाही. वीस हजार हत्ती असं असतं तर प्रसंगच मेला असता. भीम हात जोडतो आणि विचारतो, आपण कोण? मी हा प्रसंग दरवर्षी मुलांना सांगते आणि दरवर्षी तिथे कोणीतरी आपोआप पुढे सरकून बसतं.

आमचा तर कुस्तीचा पट्टा. जत्रेत मैदान भरतं तेव्हा आधी रेवड्यांवरच्या पोराटोरांच्या कुस्त्या होतात, आणि जोड लावणारी जी जुनी मंडळी असतात ती पोरांना शेजारी शेजारी उभं करून खांद्याला खांदा लावून बघतात, कारण जोड बरोबरीची लागली तरच हलगीला जोर येतो. फार भारी गडी आणि फार हलका गडी लावला तर लोकं ओरडतात, जोड बदला म्हणून. आणि बरोबरीच्या जोडीत एखादा उन्नीस असलेला गडी डाव टाकून बीसला चितपट करतो तेव्हा फेटे उडतात. इथून हाकेच्या अंतरावरच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझ घेऊन आले ते बँटमवेट गटात, म्हणजे लहान चणीचा माणूस. त्यांची चपळाई आणि डाव लोक अजून सांगतात, वजन कोणी सांगत नाही. आपल्या भाषेत तर म्हणच आहे, शेरास सव्वाशेर. सव्वा! फक्त पावशेराचा फरक. आजीने शेराला चार कोटी शेर असं कधी म्हटलं नाही, कारण तिला गोष्ट सांगता येत होती. तुमच्या मालिकेतला पहिला लांडगा चाळिसाला पंचावन्न, सव्वापेक्षा थोडा जास्त. म्हणून तर तो भाग एवढा जमला होता.

तेव्हा लेखकांना माझं एवढंच सांगणं आहे की चौकट काढू नका. मुलांना चौकट आवडते, मलाही आवडते. पण एखाद्या शनिवारी ती चौकट चुकू द्या. एखाद्याचा आकडा कोणाला वाचताच येऊ नये. एखाद्याने तो लपवावा. मुलगा तापाने फणफणला तर सत्तर लाखांचे नुसते पन्नास होऊ द्यात की, त्या पन्नासात त्याला एक नदी ओलांडायला लावा, पाऊस पडत असू दे, मग बघा आमची पोरं कशी वाचतात ते. मणी हरवला तरी चालेल. आणि काळसम्राटाला मारण्यासाठी मुलाला पाच कोटी देऊ नका, कृपा करून देऊ नका, कारण त्यानंतरच्या शनिवारी तुम्हाला पन्नास कोटींचा कोणीतरी आणावा लागेल आणि तुम्हीसुद्धा त्या वहीवाल्या पोरासारखे अडकाल. गावातली माणसं परत आणा. त्या मुलाची आई पहिल्या भागात होती, तिचा आकडा छापलाच नव्हता, ते फार बरं केलंत.

आणि एक काम आहे. परवा रविवारी पुरवणी वाचून झाल्यावर, म्हणजे वाचली नाहीच कोणी, मी मुलांना विचारलं की ह्या मालिकेत तुम्हाला परत कोणाला भेटायला आवडेल. मला वाटलं काळसम्राट म्हणतील, निदान चेटकीण. सोळा मुलं होती, त्यातली अकरा जणं म्हणाली लांडगा. तो मेला नव्हता, जाळीत शिरताना वळून बघून गेला होता, हे सगळ्यांच्या बरोबर लक्षात होतं, चार महिन्यांनी. ती सहावीतली मुलगी म्हणाली की आता थंडी सुरू झाली, त्याला खायला मिळत असेल का. मी सांगितलंय की मी पेपरला पत्र लिहून विचारते. तेव्हा लेखकांना विचारून कृपया कळवा, पुरवणीच्या कोपऱ्यात दोन ओळी आल्या तरी पुरे. मुलं वाट बघताहेत.

आपली,
एक वाचक, कराड